टार्टन : कुलचिन्ह की कल्पना?

मराठ्यांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला ग्रँट डफ हे नाव टाळता येत नाही. पेशवाई बुडाल्यानंतर साताऱ्यास आलेला हा 'इंग्रज' अधिकारी, असे आपण सर्रास लिहितो. वस्तुतः तो इंग्रज नव्हता. १७८९ साली स्कॉटलंडमधील बँफ या गावी तो जन्मला. त्याचे मूळचे आडनाव ग्रँट. आईच्या घराण्याची इस्टेट वाट्याला आली तेव्हा त्याने त्यास डफ जोडले. १८२६ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इतिहासात कित्येकांच्या पूर्वजांची नोंद आहे. मग मनात आले, खुद्द या माणसाच्या वंशजाला आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ किल्ट नेसावयाचा झाला, तर त्याने चौकडी कोणती निवडावी? ग्रँटांची की डफांची?

प्रश्न गमतीचा वाटेल. मला तो तसा वाटला नाही. त्याच सुमारास आमच्या घरी कुलवृत्तांताचे काम चालू होते. आमच्या एका पूर्वजास तलवार बक्षीस मिळाल्याची कथा त्यात घालावी, असा काकांचा आग्रह होता. मी इतिहासाचा विद्यार्थी; पुरावा मागितला. काका दुखावले. म्हणाले, "अरे, कागद नाही म्हणून माणूस नव्हता काय?" मला उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता मी स्कॉटलंडच्या चौकडीपर्यंत आलो.

प्रथम कापडाविषयी. टार्टन म्हणजे लोकरीचे चौकड्यांचे कापड. त्याचा विशेष असा की, उभ्या ताण्यात रंगांचा जो क्रम असतो, तोच आडव्या बाण्यातही असतो. एकच रंग एकमेकांवर आला की गडद चौकोन पडतो. दोन भिन्न रंग आले की मिश्र छटा उमटते. त्यामुळे तीन रंगांच्या धाग्यांतून सहा छटा मिळतात. कोणत्या रंगाचे किती धागे, या हिशेबालाच त्या नमुन्याची ओळख मानतात.

हे कापड जुने आहे, यात शंका नाही. फॉलकर्क येथे नाण्यांच्या मडक्यात सापडलेला चौकडीचा तुकडा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आहे. ग्लेन अ‍ॅफ्रिक येथील दलदलीत मिळालेला तुकडा सोळाव्या शतकातील असावा, असे तपासणीअंती २०२३ साली जाहीर झाले. पूर्वीचा डोंगरी माणूस लांबलचक कापड निऱ्या घालून कमरेला पट्ट्याने आवळी आणि उरलेला भाग खांद्यावर टाकी. रात्री तेच पांघरूण होई. आजचा, फक्त कमरेखालचा, शिवलेल्या निऱ्यांचा किल्ट मात्र अठराव्या शतकातला.

आता मुख्य मुद्दा. अमुक कुळाची अमुकच चौकडी, हा नियम केव्हाचा? रिचर्ड वेट या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी ग्रँट कुळातील मंडळींची चित्रे काढली. एकाच कुळातील ही माणसे. पण त्यांच्या अंगावरच्या चौकड्या एकमेकींशी जुळत नाहीत! त्या काळी विणकर आपल्या हाताशी असलेल्या रंगांनुसार आणि गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार विणी.

१७४६ साली कलोडनच्या रणांगणावर स्टुअर्ट पक्षाचा पराभव झाला. त्यानंतर सरकारने कायदा करून १ ऑगस्ट १७४७ पासून डोंगरी पुरुषांच्या पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे हद्दपारी. सरकारी पलटणीतील शिपायांना तेवढी सूट होती. ही बंदी १७८२ मध्ये उठली. ज्या वस्त्रासाठी माणसे तुरुंगात गेली, ते वस्त्र पुढे अभिमानाचे झाले, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

नियम त्यानंतर जन्मला. १८१५ साली हायलंड सोसायटी ऑफ लंडन या संस्थेने कुलप्रमुखांकडून आपापल्या चौकडीचे नमुने मागविले. बॅनकबर्नच्या विल्सन यांच्या कारखान्यातील कित्येक नमुन्यांना आधी केवळ क्रमांक होते. कुळांची नावे मागून चिकटली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी योजलेल्या समारंभात जो तो आपल्या कुळाची चौकडी शोधू लागला. पुढे १८४२ मध्ये, स्वतःस स्टुअर्ट राजवंशाचे म्हणविणाऱ्या दोघा भावांनी प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे म्हणून एक ग्रंथ छापला. ते हस्तलिखित बनावट ठरले. परंतु त्यातील कित्येक नमुने आजही कुळांचे म्हणून विणले जातात.

हे वाचून मला प्रथम विजय झाल्यासारखे वाटले. सारेच रचलेले, असे म्हणून हात झटकावेत असे वाटले. पण मग दुसरी बाजू दिसू लागली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत डोंगरी भागातून कुटुंबेच्या कुटुंबे उठविली गेली. मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावे ओस पडली. माणसे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला गेली. त्यांच्या नातवंडांजवळ ना शेत, ना घर, ना गेलिक भाषा. उरले ते आडनाव. त्या आडनावास हाताने स्पर्श करता येईल असे काही हवे, ही ओढ खोटी कशी म्हणावी? चौकडी दोनशे वर्षांची असेल. ओढ खरी आहे.

तेव्हा निवड कशी करावी? आडनाव पाहावे, पण तेवढ्यावर विसंबू नये. रक्ताचे नाते नसतानाही प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे लोक त्याचे आडनाव घेत. आईकडच्या कुळाची चौकडी घेण्यासही हरकत नाही. कूळ सापडलेच नाही, तर पूर्वज ज्या भागातून निघाले त्या जिल्ह्याची चौकडी घ्यावी. तीही नसेल, तर कोणीही नेसावी अशी ब्लॅक वॉच पलटणीची हिरवी-निळी चौकडी आहेच. या बाबतीत कायद्याची आडकाठी नाही. राजघराण्याच्या बाल्मोरल चौकडीस मात्र परवानगी लागते. २००९ पासून एडिंबरोत टार्टनची सरकारी नोंदवही आहे. तीत नमुना केव्हा आणि कोठून आला ते पाहता येते. हे पाहूनच निवडावे, असे मला वाटते. एका किल्टला सुमारे आठ वार कापड लागते आणि तो बहुधा जन्मभर पुरतो. त्यामुळे निवड घाईने करू नये.

ग्रँट डफच्या वंशजाला मी काय सांगेन? ग्रँटांची तांबडी चौकडी घे, किंवा डफ आडनावाचे लोक नेसतात ती मॅकडफांची घे. दोन्ही तुझ्याच आहेत. मात्र कोणी विचारले, तर 'माझा पूर्वज हीच नेसत असे' असे म्हणू नकोस. 'त्याच्या आठवणीसाठी मी ही नेसतो' असे म्हण. पहिल्या वाक्याला पुरावा लागतो. दुसरे वाक्य स्वतःच पुरावा आहे.

हेच मी काकांना सांगितले. कुलवृत्तांतात तलवारीची कथा आली, आणि तिच्याआधी काकांनी स्वतःच्या हाताने तीन शब्द लिहिले : 'घरात असे सांगतात.'