डेस्कटॉपची मांडणी : स्टार्ट मेनू व शॉर्टकट यांचा व्यवसायातील उपयोग

चिकित्सालय असो वा औषधालय, मांडणीचा एक नियम आपण सारेच पाळतो. त्रिफळा, सितोपलादी, अविपत्तिकर ही नित्य लागणारी चूर्णे हाताशी असतात, क्वचित लागणारी द्रव्ये वरच्या फळीवर जातात आणि वत्सनाभ, भल्लातक, पारद आदी शेड्यूल ई (१) मधील द्रव्यांनी युक्त कल्प निराळ्या कपाटात राहतात. संगणकाच्या पडद्यास मात्र हा नियम आपण अभावानेच लावतो. रुग्णपत्रिका, देयके, बॅचच्या नोंदी व घरची छायाचित्रे एकाच जागी दाटीवाटीने पडलेली असतात. प्रस्तुत लेखात या मांडणीचा क्रमशः विचार करू. विवेचनासाठी विंडोज ११ ही प्रणाली घेतली आहे, कारण विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले.

१. तीन स्थाने

संगणक सुरू झाल्यावर दिसणारा मोकळा पडदा म्हणजे डेस्कटॉप. तळाची पट्टी म्हणजे टास्कबार. विंडोज कळ दाबली असता उघडणारी यादी म्हणजे स्टार्ट मेनू. विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून, हा मेनू वापरात आहे. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्याची जागा पूर्ण पडदा व्यापणाऱ्या रचनेने घेतली होती; २०१५ च्या विंडोज १० मध्ये तो परत आला. विंडोज ११ मध्ये तो मधोमध उघडतो. डावीकडे हवा असल्यास सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार या क्रमाने जाऊन अलाइनमेंट बदलावी.

२. योजना

दिवसातून अनेकदा लागणारे देयकाचे व रुग्णनोंदीचे सॉफ्टवेअर टास्कबारवर असावे. आठवड्यातून एकदोनदा लागणारे स्टार्ट मेनूत असावे. उरलेले संपूर्ण यादीत राहू द्यावे. विंडोज कळ दाबून नावाची पहिली दोनतीन अक्षरे टंकित केली की ते सापडते.

यादीतील नावावर माऊसचे उजवे बटन दाबले असता ‘पिन टू स्टार्ट’ हा पर्याय मिळतो. ‘पिन टू टास्कबार’ तेथेच किंवा ‘मोअर’ खाली सापडतो. नको असलेले चिन्ह ‘अनपिन’ करावे. त्यामुळे चिन्ह तेवढे जाते, सॉफ्टवेअर जात नाही. स्टार्ट मेनूत एक चिन्ह दुसऱ्यावर ओढून सोडले की दोहोंचा गट तयार होतो. त्यास ‘हिशेब’, ‘साठा’ अशी नावे द्यावीत.

३. शॉर्टकट आणि मूळ फाईल

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. बरणीवरील चिठ्ठी म्हणजे चूर्ण नव्हे. तद्वत शॉर्टकट म्हणजे फाईल नव्हे. फाईल कोठे ठेवली आहे, एवढाच पत्ता त्यात असतो. त्याच्या चिन्हाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसतो आणि त्याचा आकार बहुधा एकदोन केबीच भरतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, शॉर्टकट पुसल्याने मूळ फाईल नष्ट होत नाही. परंतु बाण नसलेले चिन्ह पुसले तर प्रत्यक्ष नोंदच जाते. दुसरी अधिक गंभीर आहे. वर्षभराची बॅच-नोंदवही म्हणून पेन ड्राइव्हवर केवळ शॉर्टकट उतरवला गेला, तर दुसऱ्या संगणकावर तो पत्ता अस्तित्वात नसल्याने काहीच उघडत नाही. मूळ संगणक नादुरुस्त झाल्यावर हे ध्यानी आले, तर उपाय उरत नाही. म्हणून प्रत घेतल्यावर फाईलचा आकार पाहावा व ती दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करावी.

शॉर्टकट करण्यासाठी फाईलवर उजवे बटन दाबून ‘शो मोअर ऑप्शन्स’, मग ‘सेंड टू’, मग ‘डेस्कटॉप’ हा क्रम घ्यावा. मूळ नोंदी एकाच ठरावीक फोल्डरमध्ये असाव्यात, डेस्कटॉपवर केवळ त्यांचे शॉर्टकट असावेत. पेन ड्राइव्हमधील सर्व फोल्डरांवर अकस्मात बाण दिसू लागले, तर तो विषाणूचा प्रादुर्भाव असू शकतो. अशा वेळी त्यांवर क्लिक न करता प्रथम विषाणुरोधक सॉफ्टवेअरने तपासणी करावी.

४. कळफलकाचे उपयोग

विंडोज कळीसह १ दाबल्यास टास्कबारवर पिन केलेले पहिले सॉफ्टवेअर उघडते, २ दाबल्यास दुसरे. विंडोज व डी यांनी डेस्कटॉप दिसतो, विंडोज व ई यांनी फाईल एक्सप्लोरर उघडतो. डेस्कटॉपवरील शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शॉर्टकट की’ या चौकटीत एखादे अक्षर दाबले की कंट्रोल व ऑल्ट यांसह ती जोडी ठरते. देवनागरी टंकलेखनात हीच जोडी काही चिन्हांसाठी वापरली जाते. तेव्हा आधी तपासून मगच अक्षर निवडावे.

५. रुग्णाची गोपनीयता

स्टार्ट मेनूत नुकत्याच उघडलेल्या फाईलींची नावे दिसतात. फाईलीस रुग्णाचे नाव व व्याधी यांवरून नाव दिले असेल, तर समोर बसलेल्या दुसऱ्या रुग्णास ते सहज वाचता येते. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट येथे अलीकडील फाईली दाखविण्याचा पर्याय बंद करावा. फाईलीस नावाऐवजी नोंदणी क्रमांक देणे अधिक श्रेयस्कर. आसन सोडताना विंडोज व एल दाबून पडदा बंद करावा; पासवर्ड ठेवलेला असला तरच त्याचा उपयोग होतो, हे सांगणे नलगे.

स्वाध्याय

१. आपल्या डेस्कटॉपवरील बाण असलेली व नसलेली चिन्हे स्वतंत्र मोजावीत.
२. बाण नसलेल्या प्रत्येक नोंदीस फोल्डरमध्ये स्थान द्यावे व आवश्यक तेवढेच शॉर्टकट करावेत.
३. शेवटच्या पेन ड्राइव्हवरील प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

यांपैकी तिसरा स्वाध्याय आजच करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.