फिजिक्स करून पुढे काय?

इंदूरच्या पलासिया चौकातून जाणारा ए. बी. रोड सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरला की शिरपूर येतं. धुळे जिल्ह्यातल्या या शिरपूरला १९४९ मध्ये अभय अष्टेकर जन्मले. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत यांची सांगड घालू पाहणाऱ्या संशोधनात त्यांचं नाव आज जगभर घेतलं जातं.

तरीही मुलानं ‘थिअरेटिकल फिजिक्स करायचंय’ म्हटलं की इंदूरच्या घराघरांत आईबाबांच्या पोटात गोळा येतो. ती काळजी खोटी नाही. अष्टेकरांचंच पाहा: मुंबईत पदवी, १९६९ मध्ये अमेरिका, १९७४ मध्ये शिकागोची पीएच.डी. आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडणारं त्यांचं गाजलेलं काम मात्र १९८६ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी प्रसिद्ध झालं. अमेरिकन फिजिकल सोसायटीचं आइन्स्टाइन पारितोषिक मिळायला २०१८ उजाडलं.

वाट लांब आहे, पण या सगळ्या वर्षांत मुलाला आईबापच पोसतात हा समज चुकीचा. नेट-जेआरएफ मिळवून पीएच.डी. करणाऱ्याला २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते.

खरा प्रश्न मुलाच्या ओढीचा. सोव्हिएत रशियात भौतिकशास्त्रज्ञ लेव लांदाऊ आपल्याकडे येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची स्वतः परीक्षा घेत आणि तिची सुरुवात गणितानं होई. १९३४ ते १९६१ या काळात अवघे ४३ जण ती पूर्ण पार करू शकले. कृष्णविवरांचे व्हिडिओ आवडणं वेगळं, इंटिग्रेशननं वहीची पानं भरत बसणं वेगळं. पालकांनी पाहायचं ते हे दुसरं. यंत्रं उघडून बघण्यातच ज्याला रस आहे, त्यानं प्रयोगाकडे वळावं. इंडस-२ सिंक्रोट्रॉन तर इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रात आहे.

बारावीनंतर भोपाळ किंवा पुण्याच्या आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. भुवनेश्वरच्या नायसरसाठी आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट. दोन्ही हुकल्या तरी १८९१ पासूनचं होळकर सायन्स कॉलेज आहेच. तिथून बी.एस्सी. करून जॅम ही प्रवेश परीक्षा दिली की आयआयटीत एम.एस्सी. करता येते, अगदी इंदूरच्या आयआयटीतसुद्धा.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवावी: आयएटीच्या ६० प्रश्नांत १५ जीवशास्त्राचे असतात. अकरावीत जीवशास्त्र सोडलेल्या मुलांनी त्यासाठी दोन-तीन महिने आधीपासून वेळ काढून ठेवावा.