पंगत कोणासाठी? अन्नदानाचा एक पाठ

वारकरी बंधुभगिनींनो, या खेपेच्या पाठाला विषय घेतला आहे अन्नदानाचा. आता कोणी म्हणेल, अहो, अन्नदान काय आम्हांला शिकवायचे? आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबारायांची पालखी निघाली की वाटेतली गावे चुली पेटवून बसलेली असतात. कुठे पिठले-भाकरी, कुठे आमटी-भात, कुठे पुरणाची पोळी. वारकरी वाखरीला पोचेपर्यंत उपाशी राहिला असे सहसा होत नाही. हे खरेच आहे आणि ते आपल्या संप्रदायाचे भूषण आहे. परंतु भूषण सांगून पाठ संपत नसतो. म्हणून एकच प्रश्न विचारायला घेतो. ही पंगत कोणासाठी?

वारी निघते ते दिवस कोणते, हे जरा ध्यानात आणा. ज्येष्ठ सरतो, आषाढ लागतो. मागच्या सालचे धान्य कणगीच्या बुडाला गेलेले असते आणि नवे पीक अजून वीतभर असते. ज्याला शेत आहे त्याचीही ओढाताण होते, मग ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याचे काय सांगावे? पावसाने चार दिवस काम बंद पडले की चूलही मंदावते. मेळघाटात, नंदुरबारच्या डोंगरात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर लहान लेकरांना याच महिन्यांत अन्न कमी आणि आजार जास्त. म्हणजे आपल्या पंगती ज्या दिवसांत उठतात, त्याच दिवसांत कित्येक घरी भाकरी मोजून वाढली जाते. दोन्ही गोष्टी एकाच पंचांगात आहेत. त्यांची भेट कशी घालायची, हाच आजचा पाठ.

पूर्वपक्ष

पहिली शंका अशी निघते की, वारकऱ्याचा धंदा नामस्मरणाचा. गरिबीचा प्रश्न सरकारने पाहावा, परमार्थाशी त्याचा काय संबंध? दुसरी शंका, दान पात्र पाहून करावे. मागणारा आळशी नसेल कशावरून? तिसरी शंका, आम्ही वर्षाला एक पंगत घालतो, एवढे पुण्य पुरे नाही काय? या तिन्ही शंका प्रामाणिक आहेत. त्या टाळून पुढे जाणे बरे नव्हे. उत्तर मात्र आपल्या मनाने न देता ज्यांनी भूक जवळून पाहिली त्यांच्या चरित्रातून घेऊ.

पहिला दाखला: देहूचा दुष्काळ

सन १६३० च्या सुमाराला जो भयंकर दुष्काळ पडला, त्याने तुकोबारायांचे घर मोडले. दुकान बुडाले, मान गेला, थोरली पत्नी अन्नान्न करीत गेली. हे दुसऱ्या कोणी रचलेले नाही, महाराजांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगितले आहे. थोरला मुलगा संतूही त्याच काळात गेला, असे चरित्रकार सांगतात. आता बघा, इतके भोगल्यावर माणूस कडू होतो, उरलेसुरले घट्ट धरतो. महाराजांनी काय केले? घरी सावकारीची कागदपत्रे होती. लोकांकडून येणे होते. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले.

या प्रसंगाकडे आपण वैराग्य म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण ज्या कुळांची नावे त्या कागदांवर होती त्यांच्या बाजूने एकदा पाहा. दुष्काळातून कसाबसा वाचलेला कुणबी, दारात बैल नाही, घरात बी नाही आणि डोक्यावर जुने कर्ज. त्या कर्जातून तो मोकळा झाला. एका वेळचे जेवण दिले असते तर ते दुपारपर्यंत पुरले असते. कर्ज सुटले म्हणून पुढच्या सुगीचे धान्य त्याच्या घरी राहिले. म्हणजे अन्नदानाचा एक प्रकार असा की, ताटात काही न वाढता भुकेचे कारण दूर करणे. परमार्थाशी संबंध काय, या पहिल्या शंकेला देहूच्या वाण्याने आपल्या हाताने उत्तर दिले आहे.

दुसरा दाखला: गाडगेबाबांची झोळी

दुसरे चरित्र आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलेले. गाडगेमहाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घरचे नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूच्या पायी सर्वस्वाला मुकले आणि डेबूजी लहान असतानाच वारले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला, भावाच्या आश्रयाला गेली. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखी, शेतात राबे. पुढे मामाची जमीनही सावकाराच्या घशात जाताना त्याने पाहिली. बापाविना वाढलेले, दुसऱ्याच्या घरी भाकरी खाणारे असे हे एक गरीब लेकरू. १९०५ मध्ये घर सोडून ते बाहेर पडले आणि पुढची पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांसाठी वणवण फिरले.

बाबांची रीत कशी होती पाहा. गावात शिरले की आधी खराटा हाती. रस्ता झाडायचा, नाली उपसायची, मग कोणाच्या दारी भाकर मागायची, तीही काही काम करून. रात्री कीर्तन. कीर्तनात समोरच्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरे मारू नका, दारू पिऊ नका, पोराला शाळेत घाला. भांडी मोडावी लागली तरी चालेल पण शाळा सोडू नका. हे सगळे उपदेश नीट पाहिले तर एकाच ठिकाणी येऊन मिळतात. गरिबाच्या घरातून पैसा ज्या ज्या भोकातून गळतो, ती भोके बाबा बुजवीत होते. झिंगराजीच्या घरात जे घडले ते दुसऱ्याच्या घरात घडू नये, ही त्यांची तळमळ.

दुसरीकडे प्रत्यक्ष अन्नही होतेच. ऋणमोचनच्या जत्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना ते पंगतीला बसवीत. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात ज्यांना कोणी ओसरीवर टेकू देत नव्हते त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये तीच वास्तू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला. मिशनच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहे त्यानंतरही गरिबांची मुले सांभाळीत राहिली. लाखो रुपयांच्या इमारती उठल्या, पण बाबांच्या अंगावर चिंध्या आणि हातात मडक्याचे गाडगेच राहिले.

पात्र-अपात्राची शंका काढणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. बाप दारुडा होता म्हणून डेबूजीला भाकरी नाकारली असती तर? बापाच्या वागण्याचा हिशेब लेकराच्या ताटात मांडायचा नसतो. मोठ्या माणसाला काम द्या, त्याची दारू सोडवा, चार शब्द सुनवा. पोराला मात्र आधी जेवू घाला.

तिसरा दाखला: मूठभर धान्य

तिसरी गोष्ट साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एका चुलीवरचे अन्न खात. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. मुले बहुतेक कुणब्यांची, मजुरांची, अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांची. हुशारी होती, पण घरी खायला नव्हते. भुकेल्या पोराला फळ्यावरचे अक्षर दिसत नाही. म्हणून शाळेच्या आधी भाकरीची सोय करावी लागली.

ही सोय चालायची कशी? एक वाट मुष्टिफंडाची. घरोघरच्या बायांनी दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे. आठवडा भरला की ते गोळा करायचे. देणाऱ्याला जड नाही आणि घेणाऱ्यावर कोणा एका धनिकाचा उपकार नाही. दुसरी वाट श्रमाची. मुले स्वतः शेतात खपत, पाणी भरत, स्वयंपाक करीत. त्यामुळे खाल्लेल्या घासाची लाज वाटत नसे. तरीही अडचण येईच. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले, पण मुलांना उपाशी निजू दिले नाही. ही माउली १९३० मध्ये गेली. तिने कीर्तन केले नाही की प्रवचन केले नाही. पण पंढरीच्या वाटेवरच्या माणसाने तिचे नाव आदराने घ्यावे.

वर्षाला एक पंगत पुरे काय, या तिसऱ्या शंकेचे उत्तर त्या मडक्यात आहे. लेकराला भूक रोज लागते. जे रोज लागते ते रोजच्या सोयीनेच भागते.

आज आपल्या गावी काय करता येईल?

आता सरकार देते मग आम्ही कशाला, असे कोणी म्हणेल. सरकार देते, हे मान्य. २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाडीची योजना आहे. १९९५ मध्ये शाळेतल्या आहाराची देशव्यापी योजना आली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलांना शिजवलेले जेवण द्यावे असे ठरले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरले आहे. परंतु योजना कागदावरून ताटापर्यंत येताना वाटेत माणूस लागतो. एखाद्या विधवेचे रेशनकार्ड सासऱ्याच्या नावात अडकलेले असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे लेकरू दिवाळीपासून चैत्रापर्यंत ना गावच्या अंगणवाडीत, ना कारखान्याच्या तळावरच्या. हे कोण बघणार? गावचे भजनी मंडळ घरोघर जाते, त्याला सगळी चूल माहीत असते. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो.

एक. मंडळाने मूठभर धान्याचे मडके पुन्हा घरोघर ठेवावे. मूठ पन्नास ग्रॅमची धरली आणि चाळीस घरांनी रोज एक मूठ टाकली, तर दिवसाला दोन किलो, महिन्याला साठ किलो धान्य होते. माणशी पाच किलोच्या हिशेबाने बारा माणसांना आधार झाला. एकादशीला जे घर उपास करते त्याने त्या दिवशीचा शिधाही त्यात घालावा. मग उपास खरा पोचला म्हणावा.

दोन. अंगणवाडीताईंशी बोलून गावातली रोडावलेली मुले कोणती हे समजून घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते मूल अतितीव्र कुपोषित समजतात. अशा लेकराला पंगतीत बसवून बुंदी खाऊ घालू नये, बरं का. त्याला थोडे थोडे, पुन्हा पुन्हा आणि वैद्यकीय देखरेखीखाली द्यावे लागते. त्याला दवाखान्यात पोचवणे आणि आईची त्या दिवसांची बुडालेली मजुरी भरून देणे, हेच तिथले अन्नदान.

तीन. ज्याला वाचता-लिहिता येते त्याने महिन्यातून एक दिवस रेशनकार्डाच्या अर्जांसाठी बसावे. एक कार्ड सुरळीत झाले तर ते घर वर्षानुवर्षे जेवते.

चार. देताना फोटो नको, नाव पुकारणे नको. शिधा घरी नेऊन द्यावा, तोही तिन्हीसांजेला, भजनाला जाता जाता. घेणाऱ्या आईची मान तिच्या पोरांदेखत खाली जाता कामा नये.

तात्पर्य काय? तुकोबारायांनी कारण दूर केले, गाडगेबाबांनी माणूस उभा केला, लक्ष्मीबाईंनी रोजचा घास चालू ठेवला. तिन्ही मिळून एक अन्नदान पुरे होते. वारीतल्या पंगती बंद कराव्या असे इथे कोणी म्हणत नाही. त्या तशाच राहोत. पण पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा करताना आपल्या गावातले कोणते घर या पंगतीला नव्हते, एवढे मंडळाने आठवून पाहावे.

मनन करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या आळीत सध्या कोणत्या घरी चूल एकदाच पेटते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? नसल्यास कोणाला विचारावे?
२. आपल्या दिंडीच्या शिलकीपैकी किती रक्कम गावच्या लेकरांसाठी ठेवता येईल?
३. बापाच्या दोषाचे माप लेकराला लावावे काय? डेबूजीच्या चरित्रावरून उत्तर द्या.

येत्या एकादशीच्या भजनानंतर हे तीन प्रश्न मंडळात मोठ्याने वाचावेत आणि पहिले मडके कोणाच्या घरी ठेवायचे ते त्याच बैठकीत ठरवावे, ही विनंती.

रामकृष्णहरि.