हुंकार देणारं माणूस आधी शोध

चि. सोनूस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. मिथकं आणि कथाकथन हा विषय उगाच घेतला, महाभारत सगळ्यांनाच पाठ, त्यात मी नवं काय सांगणार, असं लिहिलंयस. अगं, कीर्तनाला बसलेल्यांना पुढे काय होणार ते ठाऊक नसतं का? बुवा पूर्वरंगात निरूपण करतात, मध्ये बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, आणि उत्तररंगात आख्यान सुरू झालं की मागे भिंतीला टेकलेले आजोबासुद्धा सावरून बसतात. तेव्हा नव्याची काळजी सोड.

तुझं खरं दुखणं शेवटच्या दोन ओळींत आहे. जांभूळ आख्यान सांगायचं ठरवलंस, ऑनलाइन वर्गाच्या चॅटवर एका मुलानं 'हे मूळ महाभारतात नाहीच' असं टाकलं आणि तू गप्प झालीस.

नाहीच ते मुळात. तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागायचं तर प्रत्येकानं मनात दडवलेलं बोलून टाकायचं, आणि द्रौपदीच्या तोंडून कर्णाचं नाव निघतं, ही कथा आपल्या लोकपरंपरेतली. विठ्ठल उमपांनी ती रंगमंचावर गाजवली. पण त्या मुलाला उलट विचार, भर स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' असं द्रौपदी म्हणते, ते तरी कुठलं? पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. ठिकठिकाणच्या पोथ्यांमधले पाठ ताडून बघता बघता १९६६ साल उजाडलं. त्या छाननीत द्रौपदीचं ते गाजलेलं वाक्य संहितेतून निघून तळटीपेत गेलं. गणपती व्यासांचा लेखनिक झाला, ती गोष्टही परिशिष्टात गेली. संपादकांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी या ओळी फेकून दिल्या नाहीत. कुठल्या पोथीत आहेत, कुठल्या पोथीत नाहीत, याची नोंद करून जपून ठेवल्या.

आता बघ, एकीकडे ती कर्णाला चारचौघांत झिडकारते, दुसरीकडे त्याच्यासाठी मनात झुरते, आणि दोन्ही मागाहून आलेलं. लोकांना असं काय सलत होतं, की या दोघांमधलं काहीतरी पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटलं? तुला निबंधही द्यायचा आहे ना, त्याला हाच प्रश्न घे. त्याआधी इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आणि दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' शेजारी ठेवून त्यातली द्रौपदी वाच. दोघी विदुषी, आणि नजर किती वेगळी! वर्गात मात्र आरंभीच सांगून टाक, ही लोकांमध्ये सांगितली जाणारी कथा आहे. मग कुणाला वाद घालायला जागाच राहत नाही.

तुझा मसुदा मी दोनदा वाचला. पहिलं पान चांगलं जमलंय. जांभूळ एकेकाच्या कबुलीबरोबर वर वर चढतं, द्रौपदीची पाळी येते आणि ते अधांतरी थबकतं, तिथं मीही थांबले. आणि नेमकं तिथंच तू 'जांभूळ हे दडपलेल्या इच्छेचं प्रतीक आहे' म्हणून दीड परिच्छेद घातलास. तो काढ. ऐकणारे काही दुधखुळे नाहीत.

स्लाइड्सबद्दलही बोलते. एआयकडून काढून घेतलेली वीस चित्रं भराभर सरकवू नकोस. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कसं सांगतात, त्याचे व्हिडिओ बघ. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ते त्यांच्यातलेच. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि त्या सगळ्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. एक चित्र समोर उभं धरायचं, आणि त्यावरचं गाणं-बोलणं होईपर्यंत ते हलवायचं नाही. चित्रातली माणसं जागच्या जागी, तरी प्रसंग पुढे जातो तो आवाजावर. तुला दोन चित्रं पुरेत.

सगळ्यात अवघड आहे ती तुमच्या वर्गातली सामसूम. कॅमेरे बंद, माइक बंद, समोर काळे चौकोन आणि त्यात नावांची आद्याक्षरं. अशा ठिकाणी मुरलेला कीर्तनकारही गडबडेल. आपल्याकडे एकट्यानं गोष्ट सांगायची पद्धतच नाही गं. गोंधळात नाईकाला मध्येच प्रश्न विचारणारा साथीदार असतो, शाहिराच्या मागे झीलकरी असतात, आणि आजी तर नातवंडानं हुंकार दिला नाही तर गोष्टच थांबवते. तुम्हालाही तशी सोय करावी लागेल. सगळ्यांना कॅमेरा लावायला सांगू नकोस. कुणाचा डेटा संपत आलेला असतो, कुणाच्या मागे स्वयंपाकघर असतं. एकाच मैत्रिणीला गाठ. तिनं कॅमेरा लावायचा, माइक चालू ठेवायचा आणि अधूनमधून 'बरं, मग?' म्हणायचं. मॅडमना आधी विचारून घे, त्या नाही म्हणणार नाहीत. आणि त्या वेळी मसुदा समोर उघडून ठेवू नकोस. वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात, ते पडद्यावर सगळ्यांना दिसतं.

शनिवारी रात्री जेवणं झाली की फोन लाव आणि मला अख्खं आख्यान सांग. तुझ्या काकांनाही बसवते. भीमानं काय कबूल केलं, हे ते हमखास विचारतील, त्याची तयारी ठेव.

तुझी,
आत्या