वास उग्र म्हणजे घर निर्जंतुक?

घरातलं आजारपण सरलं की आपण सारं घर धुवायला काढतो, आणि हात पहिल्यांदा जातो तो उग्र वासाच्या बाटलीकडे. डोळे झोंबले की जंतू मेले, हा आपला हिशेब. धुळ्याला देवपुरात मावशीकडे तो हिशेब अंगाशी आलेला मी पाहिला.

२०२० साल, दिवाळीच्या आधीचे दिवस. काका कोविड सेंटरमधून घरी यायचे होते, म्हणून मी जळगावहून हाताखाली गेलो होतो. नळाला पाणी काही दिवसांआड. तेव्हा एकाच पाण्यात सगळं उरकू, असं मावसभावाच्या मनात. त्याने मोरीत ॲसिड ओतलं आणि वरून सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. फरशी फसफसली, पिवळट धूर उठला आणि तो छाती धरून, खोकत ओट्यावर येऊन बसला. दारं-खिडक्या उघडून आम्ही सगळेच बाहेर पडलो. डॉक्टरांनी दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही उफाळतो.

तो धूर म्हणजे क्लोरीन वायू. १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी सोडला होता, तोच. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो; आणि आपल्या मोरीचा झरोका असतो पार छताजवळ. ॲसिडच काय, अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचमध्ये मिसळू नये.

मग करायचं काय? आधी साबणाच्या पाण्याने घासा. मळ, उलटी, थुंकी तशीच राहिली तर औषधाचा जोर तिच्यावरच खर्च होतो. साबण धुऊन काढल्यावर औषध. बाटलीवरची टक्केवारी वाचा: ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर फरशी, कडी-कोयंड्यासाठी लिटरभर पाण्यात २० मिली पुरे. संडासाला एक भाग औषध, चार भाग पाणी. फडक्याने लावा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. लावलं की लगेच पुसलं तर मेहनत वाया. खोली आधी, संडास शेवटी. हातात मोजे, दारं सताड उघडी.

द्रावण रोजच्या रोज करा. आपल्याकडच्या उन्हात खिडकीतल्या बाटलीतलं औषध जोर सोडतं. स्विच, रिमोट, मोबाइलला ७० टक्के अल्कोहोलचं फडकं. बटणं आधी बंद करून. रुग्णाचे कपडे न झटकता गरम पाण्यात साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. आजार उलट्या-जुलाबांचा असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नका, हात साबणानेच धुवा.

फवाऱ्याचा मोह टाळा. माणसांवर जंतुनाशक फवारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच बजावलं होतं. घरातही फवाऱ्यापेक्षा फडकं बरं: फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, उलट नाकातोंडात जातो.

आणि घाई नको. प्रयोगशाळेत कोरोनाचा विषाणू प्लास्टिक-स्टीलवर दोन-तीन दिवस तग धरून राहिलेला दिसला. पुढे तो आपोआप निकामी होतो. टाकीत पाणी नसेल तर खोली बंद ठेवा, नळाच्या दिवशी धुवायला काढा. ॲसिडची बाटली मात्र त्या दिवशी बाहेरच काढू नका.