आमचा मोती

पिल्लू लहान असते तेव्हा ते सगळ्यांचे असते. मोठे झाले की ते कोणाचेच नसते. आमच्या घरी हेच झाले.

पुतण्याने एक पांढरे पिल्लू घरी आणले. नाव ठेवले मोती. पहिला महिना काय विचारता! पोरे त्याला खाली ठेवीनात. पुढे शाळा सुरू झाली. मोती वाढला. त्याने वहिनींची चप्पल फाडली. वाळवणातल्या कुरडया खाल्ल्या. आल्यागेल्याच्या अंगावर तो उड्या मारू लागला. मग त्याला परसातल्या शेवग्याला बांधला. बांधला तो बांधलाच. उरलेली भाकरी लांबून टाकायची आणि भुंकला की "हाड्!" म्हणायचे. एवढाच त्याचा आणि घराचा संबंध उरला.

एके दिवशी दोरी तुटली. शेजारची मुलगी घाबरून पळाली. मोती मागे धावला. तिच्या पोटरीला दात लागले.

आजी मिरचीची पूड घेऊन आली. आम्ही ती लावू दिली नाही. जखमेवर मिरची, चुना, हळद काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुतली आणि मुलीला तडक सरकारी दवाखान्यात नेले. पूर्वी पोटात इंजेक्शने घ्यावी लागत. त्या भीतीने लोक टाळाटाळ करीत. आता ती दंडात देतात. पण सांगितलेली एकही तारीख चुकवायची नाही. पिसाळल्याचा रोग एकदा अंगात दिसू लागला, की माणूस बहुधा वाचत नाही.

रात्री दादा म्हणाले, "उद्या टेंपोत घालतो आणि नदीपलीकडे सोडून येतो." आम्ही म्हणालो, "दादा, डॉक्टरांनी कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगितली आहे. सोडल्यावर नजर कशी ठेवणार?" शिवाय जनावर उपाशी मरेल असे सोडून देणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे. कुत्रा सदा बांधून ठेवायचा आणि त्याला फिरवायचे नाही, हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे. हे ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो.

ते दहा दिवस मोती बांधलेलाच होता. त्याच्या जवळ कोणी जायचे नाही असे ठरले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. "मोती!" अशी हाक मारली की तो अंग चोरून मागे सरके. का बरे? कारण त्याचे नाव आम्ही रागावतानाच घेत होतो. नाव म्हणजे मार, असे तो शिकला होता. मग आम्ही लांबूनच नाव घ्यायचे आणि लगेच भाकरीचा तुकडा टाकायचा, असे सुरू केले. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. आठवड्याने तो नाव ऐकून शेपूट हलवू लागला.

दहा दिवस झाले. मोती धडधाकट होता. गुरांच्या दवाखान्यात नेऊन त्याला लस टोचली. पिल्लू तीन महिन्यांचे झाले तेव्हाच ती टोचायला हवी होती. ती चूक आमची.

मग शिकवणे सुरू केले. जेवणाआधी, पोट रिकामे असताना, पाच-पाच मिनिटे. तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. कुत्रा वर बघतो आणि त्याचे ढुंगण आपोआप खाली टेकते. त्याच क्षणी "बस" म्हणून तुकडा द्यायचा. उशीर केला तर तुकडा कशाचा मिळाला हे त्याला कळत नाही. मारण्याचेही तसेच आहे. पळालेला कुत्रा परत आला की लोक त्याला बडवतात. त्याला वाटते, परत आलो म्हणून मार बसला. मग तो पुढच्या वेळी येईलच कशाला?

उड्या मारायची सवय फार चिवट निघाली. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचे नाही. चारी पाय जमिनीवर टेकले की मगच कुरवाळायचे. पहिले तीन-चार दिवस तो दुप्पट उड्या मारी. वहिनी म्हणाल्या, "हे तर बिघडतंच चाललंय!" तसे नव्हते. जुना उपाय चालेना, म्हणून तो जास्त जोर लावीत होता. तेव्हा आपण हार मानली, तर जास्त जोर लावला की मिळते, एवढेच तो शिकेल.

खरी अडचण कुत्र्याची नव्हती, घरच्यांची होती. आम्ही "बस" म्हणायचो, आजी "खाली" म्हणायची, पोरे "ए, गप!" म्हणायची. बिचाऱ्याने कोणाचे ऐकावे? शेवटी चार शब्द ठरवले: ये, बस, थांब, सोड. पुतण्याने ते खडूने दारावर लिहिले. आजी अक्षरे शिकत होती. तिने ते चार शब्द रोज वाचले आणि पोरांच्या चुका काढू लागली!

सकाळ-संध्याकाळ मोतीला फिरवायचे ठरले. दोरी ओढली की आम्ही थांबायचो, सैल सोडली की चालायचो. पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळापर्यंत जायला पाऊण तास लागला. आता सकाळी पुतण्या नेतो. पावसात अजूनही कुरकुरतो.

शेजारच्या मुलीची सगळी इंजेक्शने वेळेवर झाली. चार महिन्यांनी ती कुंपणापाशी आली. तिने लांबूनच म्हटले, "मोती, बस." तो बसला. तिने तुकडा आत टाकला. कुंपणाच्या आत ती अजून येत नाही. आम्हीही तिला आग्रह करीत नाही.