सिडनी ते होबार्टची शर्यत व ग्रीन केपची विचारणा

आपल्याकडे नाताळच्या सुटीचे दिवस थंडीचे. परंतु भूगोलाच्या पुस्तकांत आपण वाचतों त्याप्रमाणें दक्षिण गोलार्धांत त्याच वेळीं भर उन्हाळा असतो. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २६ डिसेंबर रोजीं, दुपारीं एक वाजतां तोफ उडते आणि बंदरांत जमलेल्या शिडाच्या नौका टास्मानिया बेटावरील होबार्ट बंदराच्या रोखानें दक्षिणेकडे निघतात. अंतर ६२८ सागरी मैल, म्हणजे सुमारें ११६० किलोमीटर. १९४५ पासून ही शर्यत दरसाल होत आली आहे. खंड पडला तो एकदांच, २०२० सालीं, महामारीमुळें. हिच्या इतिहासांत विक्रमांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. परंतु सहा माणसांच्या मृत्यूनंतर झालेली एक चौकशी व तींतून निघालेला एक लहानसा नियम मला त्याहून अधिक विचार करण्याजोगा वाटतो. प्रस्तुत लेख त्या नियमाविषयीं आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. सिडनींतील कांहीं हौशी नाविकांनीं १९४४ सालीं ‘क्रूझिंग यॉट क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया’ ही संस्था काढिली. पुढच्या वर्षीं पीटर ल्यूक नांवाच्या सभासदानें व त्याच्या सोबत्यांनीं नाताळांत होबार्टपर्यंत सहज सफर करण्याचा बेत केला. त्या सुमारास ब्रिटिश आरमारांतील जॉन इलिंगवर्थ हा अधिकारी सिडनीस होता. जावयाचेंच तर शर्यत लावूनच जावें, असें त्याचें म्हणणें पडलें. झालें! नऊ नौका निघाल्या. वाटेंत वादळानें गांठलें. कोणी किनाऱ्याच्या आडोशास गेले, कोणी शिडें आंखडून थांबले. इलिंगवर्थची पस्तीस फुटांची नौका मात्र चालतच राहिली. तिचा कित्येक दिवस ठावठिकाणा लागेना, तेव्हां ती बुडाली असावी असें लोक समजूं लागले. आणि शेवटीं तीच सर्वांच्या आधीं होबार्टास येऊन पोंचली. तिचें नांव ‘राणी’! इतक्या दूरच्या समुद्रांत हें घरचें नांव भेटलेलें पाहून आपणांस कौतुक वाटल्यावांचून राहात नाहीं. तिला ६ दिवस, १४ तास व २२ मिनिटें लागलीं. बिचाऱ्या ल्यूकच्या ‘वेफेअरर’ला ११ दिवसांहून अधिक लागले, आणि सर्वांत सावकाश शर्यत पुरी करण्याचा तो मान आजवर तिच्याकडेच आहे. सर्वांत जलद गेली ती २०१७ सालीं ‘कोमांची’ ही शंभर फुटी नौका : १ दिवस, ९ तास, १५ मिनिटें, २४ सेकंद.

शंभर फुटी व पस्तीस फुटी नौका एकाच शर्यतींत असतील तर न्याय कसा व्हावयाचा, अशी शंका सूज्ञ वाचकास येईलच. त्यासाठीं प्रत्येक नौकेची लांबी, वजन, शिडांचा विस्तार इत्यादि पाहून तिला एक गुणक ठरवून देतात व प्रत्यक्ष लागलेल्या वेळास त्यानें गुणतात. समजा, एका मोठ्या नौकेस ४० तास लागले व तिचा गुणक १.५ आहे, तिचा हिशेबी वेळ ६० तास झाला. लहान नौकेस ५८ तास लागले व गुणक १ आहे. हिशेबी वेळ ५८ तासच. म्हणजे अठरा तास मागून येऊनही लहान नौका जिंकली. टॅटरसॉल्स चषक हें मुख्य बक्षीस या हिशेबी वेळावरच देतात.

आतां मार्गाकडे वळूं. ऑस्ट्रेलियाचा पूर्वकिनारा उजव्या हातास ठेवून नौका ईडन या गांवापर्यंत येतात. ईडनचें बंदर हा वाटेंतला शेवटचा चांगला आसरा. त्याच्या किंचित् दक्षिणेस ग्रीन केप नांवाचें भूशिर असून त्यावर दीपगृह आहे. तेथून पुढें मुख्य भूमि मागें राहते व बासची सामुद्रधुनी लागते. ही सामुद्रधुनी रुंद आहे, पण उथळ. तिची खोली सरासरी साठ मीटरच्या आसपासच भरते. खोल महासागरांतून आलेल्या लांबट लाटा उथळ पाण्यांत शिरल्या म्हणजे आंखूड व उंच होतात. त्यांतून किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेस वाहणारा उष्ण प्रवाह आहे. दक्षिणेचा वारा सुटला कीं प्रवाह एकीकडे व वारा दुसरीकडे अशी झुंज लागते आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात.

१९९८ सालीं ११५ नौका निघाल्या. त्या निघाल्यावर सुमारें तासाभरानें वेधशाळेनें वादळाचा इशारा दिला. येथें आपल्या गणिताच्या तासाशीं संबंध असलेली एक गोष्ट आहे. वेधशाळा वाऱ्याचा जो वेग सांगते तो दहा मिनिटांची सरासरी असतो. एखादा झोत त्याहून शेंकडा चाळीस अधिक असूं शकतो. पन्नास नॉट (म्हणजे ताशी पन्नास सागरी मैल) सांगितलें तर सत्तरचा झोत येईल असें समजावें. लाटांची उंची सांगतात तीही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट जवळजवळ दुप्पट असावयाची. वर्गांतील मुलांची सरासरी उंची पांच फूट म्हणून दाराची चौकट पांच फुटांची करून चालेल काय? पण पुष्कळ कप्तान हे आंकडे म्हणजे कमाल मर्यादाच, असें समजून पुढें गेले.

२७ तारखेस दुपारीं ठरलेल्या वेळीं नौका बिनतारी यंत्रावरून आपापलें स्थान कळवीत होत्या. अशा वेळीं स्थानापलीकडे कांहीं न सांगण्याची वहिवाट होती. कारण आपल्यापुढें वारा कसा आहे हें सांगणें म्हणजे मागच्या प्रतिस्पर्ध्यास फुकट मदत करणें. ‘सोर्ड ऑफ ओरायन’चा कप्तान रॉब कोथी यानें ती वहिवाट मोडली व आपल्याकडे वाऱ्याचे झोत ८० नॉटच्या घरांत आहेत हें सर्वांस ऐकविलें. तें ऐकून कांहीं नौका परतल्या. स्वतः कोथीही मागें वळला; परंतु परततांना एका लाटेनें त्याची नौका पालथी घातली. सुकाणूवर असलेला ग्लिन चार्ल्स हा इंग्लंडचा ऑलिंपिक नाविक, कमरेचा बंध तुटून, समुद्रांत गेला तो पुन्हां हातीं लागला नाहीं. ‘बिझनेस पोस्ट नायाड’वर दोघे गेले. ‘विन्स्टन चर्चिल’ ही १९४५ च्या त्या पहिल्या नऊ नौकांपैकीं एक. ती बुडाली व तिच्या माणसांना तराफ्यांवर जावें लागलें. त्यांपैकीं एक तराफा लाटांत उलटापालटा होऊन त्यावरील पांचांपैकीं तिघे वाहून गेले. एकंदर सहा मृत्यु. पांच नौका बुडाल्या. होबार्टास पोंचल्या अवघ्या ४४. पंचावन्न जणांस वांचविण्यांत आलें. डोलकाठी हेलकावे खात असल्यानें हेलिकॉप्टरास नौकेवर दोर सोडतां येईना. म्हणून कित्येकांना आधीं स्वतः त्या खवळलेल्या पाण्यांत उडी टाकावी लागली, आणि मग दोरास लोंबकळत उतरलेल्या जीवरक्षकांनीं त्यांस वर घेतलें. त्या जीवरक्षकांची कामगिरी शर्यतींतल्या कोणत्याही विक्रमाहून मोठी, असें माझें मत आहे.

त्या वर्षीं चषक मिळाला तो ‘एएफआर मिडनाइट रॅम्बलर’ या पस्तीस फुटी नौकेस. तिचा कप्तान एड साल्टिस यानें परतण्याचा विचार केला होता. पण पाठ वळवून लाटा मागून घेण्यापेक्षां तोंड लाटांकडे ठेवून पुढें जाणेंच कमी धोक्याचें, असें त्याला व त्याच्या खलाशांना वाटलें. आतां पाहा : जो परतला त्याच्यावर घाला पडला आणि जो पुढें गेला तो तरला. मग परतावें हा नियम करावा, कीं परतूं नये हा? दोन्ही करतां येत नाहींत. आपल्या कोंकणांतला तांडेल सांगेल कीं नौकेची दशा, माणसांचा दम व समोरचें पाणी हीं तीन पाहिल्यावांचून निर्णय होत नाहीं, आणि तीं तिन्ही त्या नौकेवरच्या माणसासच दिसतात.

न्यू साउथ वेल्सचे कॉरोनर जॉन ॲबरनेथी यांनीं या मृत्यूंची चौकशी करून २००० सालच्या डिसेंबरांत निकाल दिला. शर्यतीच्या व्यवस्थेवर त्यांनीं कडक ताशेरे झाडले. अपघातानंतरच्या वर्षांत नियम पालटले. निम्म्या तरी खलाशांनीं समुद्रावर जीव वांचविण्याचें शिक्षण घेतलेलें असावें, अठरा वर्षांखालील कोणी नसावा, वेधशाळेनें सरासरीबरोबर कमाल झोत व कमाल लाटही सांगावी, असें ठरलें. वारा ४० नॉटांहून अधिक लागला तर तें सर्वांस कळविलेंच पाहिजे, असेंही ठरलें. कोथीनें जें आपखुषीनें केलें तें आतां प्रत्येकाचें कर्तव्य झालें.

आणि ग्रीन केपचा नियम. त्या भूशिराशीं येतांच प्रत्येक कप्तानानें बिनतारी यंत्रावरून जाहीर करावयाचें कीं, यंत्र व तराफे ठीक आहेत, नौका व माणसें सुस्थितींत आहेत, हवामानाचा ताजा अंदाज आपण विचारांत घेतला आहे, आणि पुढें जाण्यास आपण तयार आहों. पुढें जावें कीं नाहीं हें आयोजक सांगत नाहींत. जबाबदारी पूर्वींप्रमाणेंच कप्तानाची. फरक इतकाच कीं, पूर्वीं शर्यतीच्या भरांत हा प्रश्न मनांत न आणतांही सामुद्रधुनींत शिरतां येत असे. आतां ईडनचें बंदर जवळ आहे तोंवर मोठ्यानें उत्तर द्यावें लागतें.

हा नियम एका जागेचा आहे, आणि समुद्र जागा पाहून वागत नाहीं. २०२४ सालीं, पहिल्याच रात्रीं, दोन वेगवेगळ्या नौकांवर एकेक नाविक मरण पावला. एकास शिडाच्या आडव्या दांड्याचा तडाखा बसला, दुसऱ्यास शिडाच्या मुख्य दोराचा. दोन्ही नौका तेव्हां ग्रीन केपच्या उत्तरेसच होत्या. विचारणेची जागा अजून यावयाची होती.